शिल्लक

आमच्या घराण्यात शस्त्र म्हणून दाखवण्यासारखी एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे आजोबांचा अडकित्ता. वडिलांनी हयातभर टपालखात्यात शिक्के मारले, आणि मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. दिवाळीतला लवंगी फटाकासुद्धा मी उदबत्ती हातभर लांब धरून, तोंड फिरवून पेटवतो, हे आमच्या सोसायटीतल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. असला मनुष्य चार नळ्यांच्या तोफगाडीवर लिहायला बसलेला पाहून तुम्ही हसाल. खुशाल हसा. मीही हसलो असतो. परंतु २०२५ च्या मे महिन्यातल्या चार रात्रींत ती गाडी माझ्या डोक्यात जी येऊन उभी राहिली, ती जुन्या वाड्यातल्या भाडेकरूसारखी अद्याप हलायला तयार नाही.

याला कारण आमचा भाचा.

ताईचा हा एकुलता एक मुलगा. मेहुणे अकाली गेले आणि ताईने सांगलीला शिवणकाम करून त्याला वाढवले. उन्हाळ्याच्या सुटीत तो पुण्याला आमच्याकडे येई, आणि मामा मराठी शिकवतो या अपराधाबद्दल रोज सकाळी तासभर व्याकरण शिके. शिके म्हणजे माझ्यासमोर बसे. त्याचे सारे लक्ष गॅलरीतून दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्याकडे. आमच्या घरावरून लोहगावच्या विमानतळाकडे विमाने जातात.

“ ‘मी जाईन’, हा कोणता काळ?” मी विचारी.

“सुखोई!” तो उत्तर देई, आणि क्षणाभराने खरोखरच खिडकीची तावदाने थरथरू लागत. उतारूंचे विमान कोणते आणि लढाऊ कोणते, हे तो नुसत्या आवाजावरून सांगे. मला त्याचे कौतुक वाटायला हवे होते. मला राग येई. “आभाळाकडे बघून कोणाचं पोट भरलंय का रे?” असे मी त्याला एकदा फाडकन विचारले होते. पोर काही बोलले नाही. पुस्तकात डोके घालून बसले.

पुढे बारावीला त्याने दोनदा हजेरी लावली, बी.ए.च्या पहिल्या वर्षात तो मधेच थांबला, आणि २०१६ साली एक दिवस म्हणाला, “मी लष्कराच्या भरतीला जातो.” ताईचा जीव कासावीस झाला. तिने मला फोन केला. घरातला शिकलेला माणूस मी. “तू सांगशील तसं,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “जाऊ दे.”

मराठीत हे दोन शब्द मोठे लबाड आहेत. ‘त्याला जायला परवानगी दे’ हाही त्यांचा अर्थ, आणि ‘सोड तो विषय’ हाही. मी ते कोणत्या अर्थाने उच्चारले, हे मला पक्के ठाऊक आहे. माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, त्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या, आणि त्या पोराच्या गुणांचा मला कंटाळा आला होता. देश, कर्तव्य वगैरे शब्द मी भाषणांतून पुष्कळ वापरले आहेत. त्या दिवशी त्यांतला एकही माझ्या मनात नव्हता. ताईने मात्र तो माझा विचारपूर्वक दिलेला सल्ला मानला. त्यानंतर ती मला कधी टाकून बोलली नाही. पण “तुझ्या सांगण्यावरून गेला,” हे वाक्य वर्षातून एखाद्या वेळी, वरणात मीठ घालावे तसे, ती सहज घाली.

तो गेला तो लष्कराच्या हवाई संरक्षण दलात. आभाळातून येणाऱ्या शत्रूला जमिनीवरून गाठायचे, हे या दलाचे काम. पूर्वी ते तोफखान्याचाच भाग होते. १९९४ साली ते वेगळे झाले. ओडिशात समुद्राकाठी गोपाळपूरला त्याचे महाविद्यालय आहे. ‘आकाशे शत्रून् जहि’ हे त्याचे बोधवाक्य. संस्कृत वाक्य ऐकून मला जरा बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

पुढे २६ जानेवारी २०२१ ला आम्ही सारे टी.व्ही.पुढे बसलो होतो. राजपथावरून संचलन चालले होते, आणि सुधारित ‘शिल्का’ची तुकडी कॅप्टन प्रीती चौधरी या तरुण अधिकारी बाईंच्या नेतृत्वाखाली पुढे आली. पट्ट्यांवर चालणारी, रणगाड्याची धाकटी बहीण शोभावी अशी गाडी. पुढे एकमेकींना चिकटलेल्या चार नळ्या, वर रडार. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. “मामा, पाहिलीत ना? ती आमची गाडी. म्हणजे तसली.” ताईला ते नाव काही केल्या येईना. ती ‘शिल्लक’ म्हणू लागली. “तुझी ती शिल्लक कशी आहे?” असे फोनवर विचारी. मी व्याकरणाचा मनुष्य; दोनदा दुरुस्ती केली. मग सोडून दिले. शिल्का ही मुळात सैबेरियातली एक नदी. रशियन लोकांनी या जातीच्या गाड्यांना नद्यांची नावे दिली; ‘तुंगुस्का’ ही तिची पुढची पिढी, तेही नदीचेच नाव. ज्या वस्तूच्या तोंडून मिनिटाला सुमारे ३,४०० गोळ्या सुटतात तिला नदीचे नाव द्यावे, यात काव्य आहे की क्रौर्य, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मग २०२५ चा एप्रिल उजाडला. २२ तारखेला पहलगामला २६ जणांची हत्या झाली. ७ मेच्या पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले, आणि त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. भोंगा वाजला तेव्हा मला वडिलांची आठवण झाली. १९७१ च्या डिसेंबरात मुंबईत खिडक्यांना काळे कागद कसे चिकटवले, हे ते दर युद्धाच्या बातमीला न चुकता सांगत. भाच्याचा फोन आदल्या आठवड्यातच येऊन गेला होता: “काही दिवस फोन लागणार नाही. काळजी करू नका.” तो कुठे आहे, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. ताई एक पिशवी घेऊन सांगलीहून आली आणि आमच्या दिवाणखान्यात बसली. मी मात्र मे महिन्याच्या रिवाजाप्रमाणे उत्तरपत्रिका तपाशीत होतो. आमचे घर कधी बदलत नाही.

टी.व्ही.वर जे चालले होते ते तुम्हीही पाहिले असेल. पडद्यावर जितका आरडाओरडा, तितकी ताई गप्प. शेवटी तिनेच उठून तो बंद केला. ९ तारखेला अधिकृत निवेदन झाले, की आदल्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवण्यात आले होते. ते पाडायला जी शस्त्रे वापरली त्यांत जुन्या एल-७० तोफा होत्या, दोन नळ्यांच्या २३ मिलिमीटरच्या तोफा होत्या, आणि शिल्काही होती. ते नाव बातमीत आले आणि ताईने माझ्याकडे पाहिले.

“कशी असते रे ती गाडी? नीट सांग मला. तू शिकलेला आहेस.”

मला काय ठाऊक असणार! मी म्हणालो, “जेवण होऊ दे, मग सांगतो.” आणि जेवण होईपर्यंत, मग ती कलंडल्यावर रात्री दोनपर्यंत, मी जे मिळेल ते वाचले. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी जसा वाचतो तसा. टिपणे काढायला जुनी डायरी घेतली. ताईला झोप नव्हतीच. अडीचला ती उठून आली, हिने चहा टाकला, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझा तास सुरू झाला.

मी पोळपाट पालथा ठेवला आणि त्यावर चार चमचे जोडून मांडले. म्हटले, “ही गाडी. एकोणीस-वीस टन वजन. आत चार माणसे. चालक पुढे, वरच्या फिरत्या घुमटात तिघे, म्हणजे गाडीचा प्रमुख, नेमबाज आणि रडार पाहणारा. या चार नळ्या, २३ मिलिमीटरच्या. तापू नयेत म्हणून त्यांच्याभोवती पाणी खेळवलेलं असतं. गाडीत २,००० गोळ्या. सलग झाडल्या तर पुरत्या छत्तीस सेकंदही टिकायच्या नाहीत. म्हणून थोड्या थोड्या झाडायच्या.”

“म्हणजे काटकसर आलीच,” ताई म्हणाली. तिने आयुष्यभर तेच केले आहे.

“पण हिचं काम काय?” हिने विचारले.

मला एक दाखला सुचला. वऱ्हाडात सगळे नटूनथटून नाचत असतात, आणि एक आत्या मात्र दागिन्यांच्या डब्याशेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर डोळा ठेवते. तिला कोणी नाचायला बोलावत नाही, फोटोतही ती क्वचितच सापडते. पण ती नसली तर लग्नघराला झोप लागत नाही. शिल्का ही ती आत्या. रणगाडे पुढे जातात, ती त्यांच्या पाठोपाठ जाते आणि वर पाहते. म्हणून तर तिला पट्टे आणि इंजिन हवे. जागेवर रोवलेली तोफ चालत्या फौजेच्या काय कामाची? हिचा पल्ला लहान, जेमतेम अडीच किलोमीटर. पण लहान पल्ल्याचेही मोल असते. १९७३ च्या ऑक्टोबरातल्या युद्धात इस्रायली वैमानिकांनी त्याचा अनुभव घेतला. उंचावरून यावे तर अरबांची क्षेपणास्त्रे. ती चुकवायला खाली उतरावे तर शिल्का. इकडे आड, तिकडे विहीर.

“पण ही एवढी जुनी? साठ वर्षांपूर्वीची?” ताईच्या आवाजात काळजी होती. मुलाला कोणी फाटकी चादर दिली असावी तशी.

मी सांगितले ते खरे होते. गाडी १९६० च्या दशकातली. पण आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सने तिला नवे रडार दिले, नवे इंजिन दिले, रात्री पाहणारे डोळे दिले. शिवाय जुने म्हणून टाकून देण्याची घाई साऱ्या जगाने केली आणि सारे जग पस्तावले. जर्मनांची ‘गेपार्ड’ नावाची अशीच गाडी होती. गेपार्ड म्हणजे चित्ता. दोन नळ्या, ३५ मिलिमीटरच्या. आता विमाने फार उंचावरून येतात, असल्या तोफांचे दिवस संपले, असे म्हणून २०१० च्या सुमारास जर्मन सैन्याने ती निवृत्त केली. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा कोठारांतल्या त्याच गाड्या झटकून, पुसून जुलैत तिकडे पाठवाव्या लागल्या. त्यांच्या गोळ्यासुद्धा मिळेनात. स्वित्झर्लंडने आपल्याकडच्या गोळ्या युद्धात पाठवायला नकार दिला, आणि २०२३ मध्ये जर्मनीत त्या पुन्हा तयार कराव्या लागल्या. अमेरिकेनेही ही विद्या बाजूला सारली होती. २०२१ पासून तिला आठ चाकांच्या स्ट्रायकर गाडीवर तोफ आणि क्षेपणास्त्रे बसवून नव्याने धडे गिरवावे लागले.

याचे कारण ड्रोन. युक्रेनवर येणारे इराणी बनावटीचे शाहेद ड्रोन ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेगाने, मोपेडसारखा फटफट आवाज करीत येतात. विमानाच्या मानाने ते अगदी स्वस्त असतात. त्यांच्यावर लक्षावधी डॉलरचे क्षेपणास्त्र सोडायचे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शंभर ड्रोन आले की मसाल्यातच घर बुडायचे. तिथे मूठभर गोळ्यांत काम उरकणारी जुनी तोफ परवडते. ड्रोन खालून येतात, झाडे-टेकड्यांच्या आडोशाने येतात. मोठ्या रडारला ते उशिरा दिसतात. म्हणून जवळ उभे राहून पाहणारे कोणीतरी लागतेच.

हे सांगताना मला उगाच हुरूप आला. मराठी विभागात आता विद्यार्थी कमी येतात, आणि ‘तुमच्या विषयाचा उपयोग काय’ असे लोक मला तोंडावर विचारतात. कोठारातून परत बोलावल्या गेलेल्या त्या चित्त्याबद्दल मला आपुलकी वाटली तर नवल काय?

ताईने शांतपणे ऐकून घेतले. मग चमच्यांवरून बोट फिरवीत तिने विचारले,

“पत्रा जाड असतो का रे?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. रात्री ते मी वाचले होते, डायरीत लिहूनही घेतले होते. रणगाड्यासारखे जाड पोलाद या गाडीला नसते. घुमटाचे पोलाद सुमारे ९ मिलिमीटर, खालच्या भागाचे फार तर १५. बंदुकीची गोळी किंवा उडालेला तुकडा अडेल, याहून अधिक भरवसा नाही. आत्या स्वतः चिलखत घालून बसत नाही.

“असतो की,” मी म्हणालो. “चांगला जाड असतो. लष्करी गाडी ती.”

मी विद्यार्थ्यांना खोटे बोलत नाही. एखाद्या ओळीचा अर्थ ठाऊक नसेल तर उद्या सांगतो म्हणतो. पण त्या रात्री तीन वाजता माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडावर मी धडधडीत खोटे बोललो, आणि बोलताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. “बरं,” ती म्हणाली, आणि चमचे धुवायला उठली.

१० मेच्या संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवण्याचे ठरले. भाच्याचा फोन आला तो त्यानंतर दोन दिवसांनी. “आई, जेवलीस का?” एवढेच त्याचे पहिले वाक्य. ताई “हो” म्हणाली, आणि पुढे तिला बोलता येईना म्हणून तिने फोन माझ्याकडे दिला. मलाही बोलता येईना. शेवटी हिने हवापाण्याची चौकशी करून वेळ निभावून नेली.

गणपतीत तो रजेवर आला. रोडावला होता, काळवंडला होता. मे महिन्याविषयी मी विचारले तर हसून म्हणाला, “मामा, ते सांगायचं नसतं.” त्याने सांगितले ते एवढेच: उन्हाळ्यात गाडी आतून भट्टीसारखी तापते, तेलाचा वास कपड्यांतून आठ-आठ दिवस जात नाही, आणि बहुतेक काम म्हणजे वाट पाहणे. दिवसच्या दिवस काही येत नाही. आणि येते तेव्हा विचार करायला सवड नसते.

“पण नेम कसा धरता रे?” मी विचारले. “विमान तर थांबत नाही.”

“तेच तर! दिसतं तिथं मारायचंच नसतं. गोळी पोचायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात विमान अर्धा-पाऊण किलोमीटर पुढे जातं. रडार अंतर सांगतं, दिशा सांगतं, आणि आतलं यंत्र हिशेब करतं, की ते आता कुठे ‘जाईल’. नळ्या तिथं रोखायच्या.” मग तो थांबून म्हणाला, “भविष्यकाळ, मामा.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. मग सतरा-अठरा वर्षांपूर्वीची ती सकाळ माझ्या मनात होती ती मी बोलून टाकली. म्हटले, “मी तुला एकदा फार वाईट बोललो होतो. आभाळाकडे बघून कोणाचं पोट भरतं, म्हणून.”

“आठवतंय की!” तो मोठ्याने हसला. “आमच्या गाडीत सगळ्यांना पाठ आहे ते. फार वेळ काही आलं नाही की कोणीतरी विचारतोच, ‘पोट भरलं का?’ ”

ताई मोदकांची उकड मळीत होती. तिथूनच म्हणाली, “मामानं तुमच्या गाडीची सगळी माहिती दिली हो मला. पत्रा चांगला जाड असतो म्हणाला.”

भाच्याने माझ्याकडे पाहिले. क्षणभरच. एवढ्या क्षणात आम्हा मामा-भाच्यांत जे बोलणे झाले, तेवढे त्या सगळ्या सुट्ट्यांत मिळून झाले नसेल.

“हो आई,” तो म्हणाला. “मामांनी बरोबर सांगितलं.”

विसर्जनानंतर तो गेला. दुसऱ्या दिवशी ताईही निघाली. स्वारगेटला जायला रिक्षा दारात उभी होती, तेव्हा तिने पिशवीतून माझी ती जुनी डायरी काढून दिली. “ही मे महिन्यात माझ्याबरोबर आली होती. चुकून,” ती म्हणाली.

मी ती उघडली. त्या रात्रीचे पान. माझ्या गिचमिड अक्षरात आकडे: वजन, पल्ला, गोळ्या, आणि तळाशी, ‘पोलाद ९ ते १५ मि.मी.’. त्याच्या शेजारी पेन्सिलीने दोन बारीक समांतर रेघा मारलेल्या होत्या. कापडावर खुणा करायच्या तिच्या सवयीप्रमाणे, पट्टी लावून, नीट. मला मोजायची गरज नव्हती. दोन्ही रेघांमधले अंतर माझ्या करंगळीएवढे होते.

“ताई, म्हणजे तुला तेव्हापासून...”

“तू इतकं जीव तोडून सांगत होतास,” ती म्हणाली. “म्हटलं, तुलाही थोडी झोप मिळू दे.”

मला त्या २०१६ सालच्या फोनविषयी बोलायचे होते. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याविषयी, आणि त्या दोन शब्दांविषयी. नऊ वर्षे माझ्याकडे तेवढेच सांगायचे शिल्लक राहिले होते. मी सुरुवात केली, “ताई, तेव्हा मी जे म्हणालो ना, ते काही विचार करून...”

रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. ताई आत बसली, पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली,

“जाऊ दे रे.”